एक 'काऊन' ठेवून घेतला

मी कॉलेजची पायरी चढलो नाही. गोंदियात धानाची दलाली करता करता व्हिडिओ पाहून प्रोग्रामिंग शिकलो. म्हणून कोणी मला शिकवायला लागलं की डोकं तापतं.

मी खेळतो त्या ऑनलाइन खेळाचा सर्व्हर ओपन सोर्स आहे; त्याचा कोड कोणीही वाचावा, सुधारावा. दोन खेळाडू वस्तूंची अदलाबदल करत असताना एकाचं नेट गेलं, तर वस्तूच गायब व्हायची. माझी तलवार अशीच गेली. मी चूक शोधली आणि चार ओळींची दुरुस्ती पाठवली. प्रकल्प सांभाळणाऱ्या पुणेकराने ती परत पाठवली: "कृपया युनिट टेस्ट जोडाव्यात." म्हणजे दुरुस्ती खरंच चालते का, हे तपासणारा छोटा कोड. त्याच्या स्वतःच्या अदलाबदलीच्या कोडला एकही टेस्ट नव्हती! हा राग अजून गेलेला नाही.

पण माझ्या चार ओळी सर्व्हरवर जायलाच हव्या होत्या. बसलो. पोत्यात परखी खुपसून तपासायला मूठभर धान बाहेर काढतो, तसंच हे काम निघालं. वस्तू देताना नेट तोड, घेताना तोड, दोघांचं एकदम तोड. बारा टेस्ट झाल्या. टेस्ट नापास झाली की पडद्यावर येणारा संदेश आपणच लिहायचा असतो. तिथे मी आमच्याकडची झाडीबोली ओतली आणि मोठ्याने वाचून पाहिली.

"काऊन गा, तलवार कुठी गेली? डोरे फुटले का बे?"

बायको दारात आली. "अजी, कोणाले शिव्या देऊन राहिले?"

"पुण्याले."

"थो आयकून राहिला का?"

"आयकणार नाही, पण वाचन ना!"

त्याने वाचलं. "टेस्ट उत्तम आहेत. संदेश इंग्रजीत करावेत. 'काऊन' म्हणजे काय?"

"'का'च. फक्त याला उत्तर द्यावंच लागतं."

"बाराही बदला."

"सहा बदलतो."

"सगळे."

"दहा. शेवटचं सांगतो."

त्याचं उत्तर आलं, "ठीक आहे, एक राहू द्या."

मला एकच ठेवायचा होता. बाकीचे अकरा सोडण्यासाठीच लिहिले होते.

त्याच दुपारी दुरुस्ती सर्व्हरवर गेली. योगदान देणाऱ्यांच्या यादीत त्याने माझं गाव लिहिलं: गोंदवले. मी एका शब्दाची दुसरी दुरुस्ती पाठवली: गोंदिया. ती त्याने काही न विचारता घेतली.