बल्बाभोवतीचे रंग

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि देवळीला दुकान टाकलं पाइप अन् स्प्रिंकलरचं. त्यामुळे कोणी फवारा म्हटलं की माझं तोंड आपोआप सुटतं. मध्येच कोणी शंका काढली तर मी चिडतो, हेही सांगून टाकतो. पुढचा सगळा घोळ त्याच्यातूनच झाला.

बाबा भाजी लावतात. घरामागे दीड एकर, त्यात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. हिवाळ्यात उजाडायच्या जरा आधी ते विहिरीजवळच्या टाक्यावर बसून जुड्या धुतात, म्हणजे बाजारात माल ताजा दिसतो. पाइपाला मीच दुकानातून आणलेली फवाऱ्याची तोटी, आणि समोरच्या भिंतीवर एक बल्ब. दिवाळीच्या आसपास एका सकाळी मी बाजूला बसून जुड्या बांधत होतो. बाबा बल्बाकडे पाहत म्हणाले, "इंद्रधनुष्य पडलं पाह्य."

मी पाहिलं. मला नुसता बल्ब दिसला.

"कुठं?"

"बल्बाच्या भवताल. गोल. बाहेरून लाल, आतून निळं."

झालं, माझं सुरू. "बाबा, उजेड पांढरा दिसते, पण त्याच्यात सारे रंग असते. पाण्याच्या थेंबात शिरला का तो वाकते. लाल कमी वाकते, जांभळा जास्त. थेंबाच्या मांगच्या बाजूले आपटून वापस येते, बाहेर पडतानी अजून वाकते. म्हणून रंग वेगवेगळे होते."

"असं हाय का," म्हणून बाबांनी पुढची जुडी उचलली.

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. इंद्रधनुष्य दिसायला उजेड पाठीशी लागतो. सायंकाळी शेतात स्प्रिंकलर चालू असला की मी गिऱ्हाइकाला सूर्याकडे पाठ करून उभं करतो आणि फवाऱ्यात रंग दाखवतो. मग बल्बाकडे तोंड करून बसलेल्या माणसाला ते कसं दिसलं? धुक्यात दिव्याभोवती रंगीत कडं पडतं, तसं असेल. ते प्रकरण वेगळं, पण पाण्याचंच. अन् मला का नाही दिसलं? तर प्रत्येकाचं इंद्रधनुष्य ज्याचं त्याचं असतं. ज्या थेंबातला लाल माझ्या डोळ्यात येतो, त्यातला जांभळा शेजारच्याच्या डोळ्यात जातो. बाबा तिथं, मी इथं, म्हणून असेल. दरवेळी उत्तर सापडायचं, आणि तरी काही जुळत नव्हतं.

एकदा मी त्यांच्या जागेवर जाऊन बसलो. डोळे किलकिले केले तर काहीतरी रंगीत दिसल्यासारखं झालं. दिसलं, का दिसावंसं वाटलं, देव जाणे. बाबांना तरी कुठं रोज दिसायचं? कधी धुकं असून दिसायचं नाही, कधी हवा लख्ख असून दिसायचं. मधून मधून त्यांचं डोकं ठणकायचं, मग ते खांद्यावरचा दुपट्टा कपाळाला गच्च बांधायचे. थंडीनं होते, म्हणून मी गोळी द्यायचो. ही दोन्ही कोडी माझ्यासमोर शेजारी शेजारी बसली होती, आणि मी थेंबच मोजत राहिलो.

मग संक्रांतीच्या सुमारास एका सायंकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले. आई भाकरी थापत होती.

"आज तं घरातबी पडलं," ते म्हणाले.

मी लगेच वाफ शोधली. भाताचा गंज उकळत होता. "वाफेनं होते बाबा, तेबी पाणीच," मी म्हटलं. आईनं गॅस बंद केला, गंजावर झाकण ठेवलं, पदरानं वाफ हटवली.

"आता?" तिनं विचारलं.

"हाय अजून."

आई माझ्याकडे वळली. "काऊन रे, यायच्या डोयाचंच तं काई नाई?"

माझी आई चौथी शिकलेली. मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तपासलं अन् सांगितलं, काचबिंदू आहे. डोळ्यातलं पाणी बाहेर निघत नाही, दाब वाढला की बुबुळ सुजतं, म्हणून दिव्याभोवती रंग दिसतात. म्हणजे पाणीच होतं. मी चूक होतो का बरोबर, तेही मला धड कळेना. उजवा डोळा वाचेल, डॉक्टर म्हणाले. डाव्याची बाजूची नजर गेली, ती आता परत येणार नाही.

"किती दिवसांपासून दिसतात रंग?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून," बाबा म्हणाले.

"मग तेव्हाच का नाही आलात?"

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, दुसरं काहीच नव्हतं.

"पोरगा शिकलेला हाय माझा. त्यानं सांगतलं ना, पाण्यानं होते म्हणून."