डाव्या चाकाची पिन

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणायची नाही. दोन हजार पाच साली आम्ही अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला होतो. मी फॅबमधे, म्हणजे चिप बनवायच्या कारखान्यात, इंजिनियर, नवरा सॉफ्टवेअरमधे. ग्रीन कार्डाचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडून होता. तो हलेपर्यंत नोकरी बदलता येत नव्हती आणि गावही सोडता येत नव्हतं. असं एका जागी बांधून ठेवलं की मला अंगावर मुंग्या चढल्यासारखं होतं. म्हणून मी एक जुना ट्रेलर विकत घेतला. गाडीच्या मागे जोडून ओढायची दोन चाकांवरची खोली: आत दोन बाकं, शेगडी आणि कपाटाएवढा संडास. नवरा म्हणाला, "तुला नक्की कुठे जायचंय?" मी म्हटलं, "कुठेही. निघता आलं पाहिजे."

निघणं मात्र सोपं नव्हतं. ॲरिझोनाच्या उन्हात छपराच्या सांध्यांना तडे जायचे, ते दर वसंतात भरावे लागायचे. टायर वापरले नाहीत तरी उन्हानं कडक व्हायचे, म्हणून त्यांना टोपडी घालायची. ब्रेकची बॅटरी, मागचे दिवे, गॅसची नळी, सगळं पुन्हापुन्हा बघायचं. त्यात आमच्या वसाहतीचा नियम असा, की ट्रेलर दारात दोन दिवसांपेक्षा जास्त उभा राहिला की असोसिएशनचं पत्र येणार. त्यामुळे तो गावाबाहेर भाड्याच्या जागेत असायचा. वर्षातून तो जेमतेम चार वेळा बाहेर पडायचा, पण मी शिफ्ट संपली की काही कारण नसताना त्याच्याकडे जाऊन एक चक्कर मारून यायचे. घरी येऊन स्वयंपाकाला लागण्यापेक्षा ते मला बरं वाटायचं.

त्या वर्षी एप्रिलमधे सासरे आले, नागपूरहून, सहा महिन्यांसाठी. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं आणि ते एकटे होते. सरकारी बसगाड्यांच्या वर्कशॉपमधे त्यांनी फोरमन म्हणून जन्म काढलेला. आमच्याकडे ते सोफ्यावर बसून राहायचे, हात मांडीवर ठेवून, बस यायची वाट बघत असल्यासारखे. डिशवॉशर होता, बागेला आपोआप पाणी जायचं. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "इथं माझ्या हाताले कामच नाही. तिकीट मागंपुढं होते का पाह्य."

घरात बसवून ठेवलेल्या माणसाचं काय होतं ते मी स्वतःवरून ओळखत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ट्रेलर दाखवायला नेलं.

ते त्याच्याभोवती दोनदा फिरले. वाकले. चाकाच्या मधल्या टोपीवर बोटानं टकटक केलं.

"बेअरिंगला ग्रीस कधी भरलं?"

"गेल्या वर्षी, गॅरेजमधे."

"भरताना तू उभी होती तिथं?"

"नाही, बाबा."

"मग भरलं कशावरून?"

तिकिटाचा विषय त्या दिवसापासून बंद झाला. त्यांनी एका कॉफीच्या डब्यात आपलं साहित्य जमवायला सुरुवात केली: पिना, जास्तीची बेअरिंगं, चिंध्या. रॉकेल हवं म्हणाले. ॲरिझोनात रॉकेल कुठून आणायचं? तीन दुकानं पालथी घातली तेव्हा कंदिलांच्या शेजारी एक निळा डबा सापडला. तो बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते आमचं स्वयंपाकघर, गालिचे, गाडीचं गराज दाखवताना एकदाही आलं नव्हतं. बाबा अंगणात ते साहित्य पुसत बसले की नवरा ओसरीतून सूचना द्यायचा, "बाबा, उन्हात बसू नका," "बाबा, ग्लव्ह्ज घाला." उंटावरून शेळ्या हाकायला त्याला फार आवडतं.

जूनमधे आम्ही वर डोंगरात, पेसनच्या पाइनच्या जंगलात जायचं ठरवलं. शुक्रवारी सकाळी निघायचं, म्हणून ट्रेलर बुधवारी संध्याकाळी दारात आणला. गुरुवारी बाबांनी दोन्ही चाकांचं काम केलं. बेअरिंग रॉकेलमधे धुतलं, तळहातावर ग्रीस घेऊन दाबून दाबून भरलं. चाक परत चढवल्यावर मधला नट घट्ट करायचा, चाक फिरवायचं, मग नट जरासा सैल सोडायचा, आणि त्यातून एक पिन घालून तिची टोकं वाकवायची, म्हणजे नट जागचा हलत नाही. हे सगळं त्यांनी डोळे मिटून केलं. खरोखर मिटून. चाक फिरवायचे, कान द्यायचे, पुन्हा बोटानं नट हलवायचे. टॉर्क रेंच मी शेजारी आणून ठेवला होता, म्हणजे नट किती ताकदीनं आवळला ते आकड्यात सांगणारा पाना. त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. संध्याकाळी ते आत गेल्यावर मी डाव्या चाकाला वरखाली धरून हलवून पाहिलं. चाक किंचित हललं.

खरं तर मी पुण्याची. समोरच्याची चूक दिसली की माझी जीभ थांबत नाही. फॅबमधे माझ्याहून वीस वर्षं मोठ्या माणसांना मी तोंडावर सांगते, हे चुकलंय. पण सासऱ्यांना कसं सांगायचं? ज्यांच्या पाया पडते त्यांना म्हणायचं, बाबा, तुमचं चाक हलतंय? जीभ रेटेना. मोठ्यांना चूक दाखवायची नसते, मागनं गुपचूप निस्तरायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण माझ्या आईनं जन्मभर तेच केलं होतं. मी त्याला आदर समजत होते.

शुक्रवारी पहाटे पाचला ते नेहमीप्रमाणे फिरायला गेले. मी डाव्या चाकाची टोपी काढली, पिन ओढून काढली आणि खिशात टाकली, आणि टॉर्क रेंचनं नट आवळला. आकडा आला तेव्हा फार बरं वाटलं. आता नट थोडा सोडायचा, पिन घालायची, की दुसरं चाक. तेवढ्यात कोपऱ्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला. मी टोपी ठोकून बसवली आणि नळाकडे धावले, जणू झाडांना पाणीच घालत होते.

"लवकर उठली," ते म्हणाले.

"झोपच येत नव्हती," मी म्हणाले. मग चहा, डबे, बर्फ, कुलपं. आठ वाजता आम्ही निघालो.

तासाभरानं चढण सुरू व्हायच्या आधी एक पेट्रोल पंप लागला. बाबांनी गाडी थांबवायला लावली. उतरले, उजव्या चाकाच्या टोपीला पालथा हात लावला, मान हलवली. डावीकडे आले, हात लावला आणि झटकन मागे घेतला. जळक्या ग्रीसचा वास मलाही आला. त्या वासाबरोबर मला सगळं आठवलं. पिन घरी होती, धुण्याच्या बास्केटमधे, माझ्या ट्रॅकपँटच्या खिशात.

चाक गार झाल्यावर त्यांनी टोपी काढली. आत बघितलं. चष्मा काढून, पुसून पुन्हा बघितलं. टोपीतल्या काळ्या ग्रीसमधे बोट फिरवलं, खाली सिमेंटवर शोधलं.

"पिन नाही," ते म्हणाले. मग चिंधीला बोट पुसलं. "पिन लावायची राहिली माझ्याकडून."

"होतं बाबा कधीकधी," नवरा म्हणाला.

"होत नाही. पुढं घाट आहे. चाक निघालं असतं." त्यांनी हातातला पाना माझ्यापुढे धरला. "तू कर. माझा हात आता भरवशाचा राहिला नाही."

मी तोंडात मिठाची गुळणी धरून पाना घेतला. ते बाजूला उभं राहून सांगत गेले आणि त्यांच्या डब्यातलं नवं बेअरिंग, नवी पिन मी बसवली. पिन दोनदा माझ्या हातून खाली पडली. त्यांना वाटलं, मी घाबरले. पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "आता काही होत नाही."

जंगलात दोन दिवस होतो. हवा गार होती, पाइनचा वास होता, आणि मला एक मिनिट बसवेना. भांडी घासलेली पुन्हा घासली, चुलीसाठी लाकडं गोळा करत सुटले. बाबा घडीच्या खुर्चीत बसून होते, हात मांडीवर. ट्रेलरचा पुढचा टेकू नीट बसला नव्हता, त्यांना ते दिसत होतं, पण उठले नाहीत. शनिवारी दुपारी ते नवऱ्याला म्हणाले, "घरी गेल्यावर माझा डबा कोणाले तरी देऊन टाक. आणि तिकिटाचं पाह्य."

मी नवऱ्याला झाडांमागे नेलं आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग हळू आवाजात म्हणाला, "अगं, मग जाऊ दे ना यार. या वयात जॅकखाली हात घालायचे कशाला? आपोआप बंद झालं, चांगलंच आहे. तू काही बोलू नकोस."

मला त्याचा संताप आला. पण खरं सांगायचं तर मलाही क्षणभर ते पटलं होतं, आणि जास्त संताप त्या पटण्याचाच होता. त्या दुपारी मी खणातलं ट्रेलरचं पुस्तक काढून वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की चाक किंचित हललं पाहिजे, अजिबात हललं नाही तर बेअरिंग तापतं. बाबांनी बरोबर केलं होतं. डोळे मिटून, बरोबर. अती शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तशी मी एका आकड्याच्या भरवशावर त्यांचं आयुष्यभराचं काम पुसलं होतं.

रविवारी सकाळी आवराआवर चालली होती. मी त्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले आणि एका दमात सांगून टाकलं: पहाटे मी चाक उघडलं, नट मी आवळला, पिन माझ्या खिशात राहिली.

मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

"तुले वाटलं, माझं चुकलं?"

"हो."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आमच्या वर्कशॉपमधे फिटरचं काम दुसरा माणूस तपासे. माझंही तपासत. पण समोर उभा राहून तपासत. हात म्हातारा झाला, हे मी दोन दिवसांत मानून घेतलं होतं. घरच्या माणसानं मागनं चाक उघडलं, हे कसं मानून घेऊ?"

मी रडले. त्यांनी समजूत घातली नाही, आणि ते योग्यच होतं. परतीच्या वाटेवर ते पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होते. नवरा काहीतरी बोलत राहिला, कुणी ऐकलं नाही.

तिकीट मात्र त्यांनी बदललं नाही, आणि कॉफीचा डबाही दिला नाही. चारच दिवसांनी ते म्हणाले, "चल, त्या चाकांचं पाहू." पुढे छपराचे सांधे त्यांनी भरले, ब्रेक बघितले, गॅसची नळी बदलली. प्रत्येक काम झालं की हात पुसत हाक मारायचे, "सूनबाई, ये, तपासून घे." आवाजात राग नसायचा. मी जाऊन वाकून बघायचे आणि बरोबर आहे म्हणायचे. मग ते मान हलवायचे, आणि माझी त्या दिवसाची झोप उडायची.

ऑक्टोबरमधे जायच्या आधी त्यांनी दोन्ही चाकं पुन्हा उघडून ग्रीस भरलं, म्हणजे मला वर्षभर बघावं लागू नये. उठून उभे राहिले आणि नेहमीसारखी हाक मारली.

"नको बाबा," मी म्हणाले. "तुम्ही केलंय ना, मग बघायचं कशाला?"

"तेव्हाही मीच केलं होतं," ते म्हणाले, आणि मला चाकाजवळ बसता यावं म्हणून बाजूला सरकले.