सक्तीचे श्रोते

बाबांना आमच्या कंपनीत व्याख्यान द्यायचं होतं आणि मी ते घडवून आणलं. असं एका वाक्यात सांगितलं की मी किती गुणाची मुलगी वाटते! म्हणूनच आता सगळं सांगते.

बाबा जन्मभर कॉलेजात गणित शिकवत होते. आई गेल्यापासून कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये एकटेच असतात. मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ट्रेनिंग विभागात आहे. दिवसभर कंप्युटरवर बसणाऱ्या पोरांना तो कुणाच्या डोक्यातून आला हे ठाऊक नसतं, हे बाबांचं कायमचं दुखणं. एका गणितज्ञाने म्हणे तर्काचंच बीजगणित करून ठेवलं. दुसऱ्याने प्रश्न टाकला, की कुठलंही विधान सिद्ध होतं की नाही हे डोकं न लावता, नुसत्या ठरलेल्या पायऱ्यांनी सांगता येईल का? मग एका तरुण पोराने मनातल्या मनात एक यंत्र रचलं. लांबलचक कागदी पट्टी, तिच्यावर चौकटी, एकेक चौकट वाचायची, खोडायची, लिहायची, पुढे सरकायचं. आणि त्या यंत्राच्या आधाराने त्याने दाखवून दिलं, की नाही, सांगता येणार नाही. "म्हणजे बघ, यंत्र जन्माला यायच्या आधीच त्याला काय जमणार नाही ते ठरलं होतं," हे बाबांचं आवडतं वाक्य. मी ते मटार सोलताना ऐकलंय, गाडीची किल्ली शोधताना ऐकलंय, एक पाय चपलेत असताना ऐकलंय. बसून कधी ऐकलं नाही.

एकदा चहा पिताना त्यांनी विषय काढला. आमच्याकडे योगासनांवर व्याख्यानं होतात, हसण्याच्या फायद्यांवर होतात, हे माझ्याच तोंडून त्यांना कळलं होतं. तेव्हा गणिताने तुमचं काय घोडं मारलंय, असं त्यांनी विचारलं. मागणं मागायची त्यांची हीच तऱ्हा. मी हो म्हणून बसले.

ऑफिसात सूचना लावली. ज्यांना यायचं त्यांनी नावं द्यावीत. नावं आली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं एक माझं, आणि एक जण तर समोसे असतील तिथे हजर असणारा. इकडे बाबांनी तयारीला वाहून घेतलं होतं. स्लाइड नकोत, फळाच हवा, असं बजावून सांगितलं होतं. ठेवणीतला कोट ड्रायक्लीनिंगला टाकला होता. त्या कोटाचं ऐकलं आणि माझा धीर सुटला. मी सूचना बदलली. व्याख्यान सक्तीचं केलं. जो येणार नाही त्याचे ट्रेनिंगचे तास कापले जाणार, आणि ते तास वर्षअखेरीच्या मूल्यमापनात धरले जाणार. संध्याकाळपर्यंत हॉल भरेल एवढी नावं आली.

व्याख्यानाच्या दिवशी बाबा दारातच थबकले. शेवटच्या रांगेमागे पोरं भिंतीला टेकून उभी होती. "एवढे आले?" त्यांनी हळूच विचारलं.

"विषयच तसा आहे, बाबा," मी म्हणाले.

हे बोलताना माझी जीभ अडखळली नाही, याची मला आजही लाज वाटते.

व्याख्यान सुरू झालं. मी पहिल्या रांगेत बसून लॅपटॉपवर हजेरी जुळवत होते, कारण दोनतीन महाभाग कार्ड टेकवून मागच्या दाराने पसार झाले होते. बाबा फळ्यावर काहीतरी काढत होते. मग माझ्या साहेबांचा फोन आला आणि मी बाहेर गेले. परत आले तेव्हा टाळ्या चालल्या होत्या. प्रश्न एकच आला, याच्यावर टेस्ट आहे का. मला तरी घ्यायची नाही, असं बाबा म्हणाले, आणि हॉल मनापासून हसला.

त्यानंतर बाबांनी डेअरीत, बागेतल्या बाकावर, भेटेल त्याला हॉल भरल्याचं सांगितलं. वर दुसऱ्या व्याख्यानाची तयारीही सुरू केली. फोन केला की म्हणायचे, पुढचा भाग होत आलाय. इकडे माझ्याकडे पोरांचे अभिप्राय येऊन पडले होते. वेळ फुकट गेला, काम अडलं, पुन्हा नको. दुसरं व्याख्यान कोण ठेवू देणार होतं? आणि म्हाताऱ्या माणसाला हे सांगायचं कसं? मला अन्न गोड लागेना. साहेबांवर चिडले, पोरांवर चिडले, बाबांवरसुद्धा चिडले, की एवढं काय अडलंय त्या पट्टीवाचून! शेवटी एका रविवारी गेले आणि चप्पल काढता काढताच सगळं ओकून टाकलं. सक्तीचं, तासांचं, अभिप्रायांचं.

बाबा टेबलाशी लिहीत बसले होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"अगं, हजेरीसाठी बसलेला वर्ग मला कळत नाही होय? जन्मभर दुसरं काय बघितलं?"

"मग सगळ्यांना सांगत सुटलात ते?"

"हॉल माझ्या मुलीने भरवला, असं सांगितलं. खोटं आहे का?"

मला रडू आवरेना. मी म्हणाले, निदान आता तरी ही तयारी थांबवा, दुसरं व्याख्यान होणार नाही, कुणी येणार नाही.

"त्या पोरांसाठी कोण करतंय?" बाबांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तू मधूनच उठून गेलीस. तू उठलीस तिथून पुढचं लिहून काढतोय. बस."

मी बसले. त्यांनी कोऱ्या कागदावर चौकटींची एक लांब पट्टी आखली, चष्मा सारखा केला आणि विचारलं, इथपर्यंत आलो होतो, आठवतंय ना? मी त्या चौकटींकडे बघत राहिले. मला काहीही आठवत नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "पहिल्यापासून सांगा."

त्यांचा हात कागदावर थांबला. पहिल्या रांगेत बसून मी काय करत होते ते त्यांना त्या क्षणी कळलं. मग त्यांनी तो कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला पहिल्यापासून सुरुवात केली.