मोठा आकडा विकणारा शेठ

"आकडा पाह्य, आकडा!" असं म्हणत तो पडद्यावरची चित्रं हलवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर बोटानं टकटक करायचा. वर्ध्यात तेव्हा कॉम्प्युटर जुळवून देणारी दुकानं थोडी होती, त्यात सगळ्यात मोठी पाटी याची. लोक त्याला शेठ म्हणत. मीही तोंडावर तेच म्हणायचो, मनात वेगळं.

शेठ मूळचा कापसाचा दलाल. सेलूच्या बाजारात कापसाची बैलबंडी आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे तो ढुंकूनही बघत नसे. कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळाचा ओला पुंजका उपसायचा आणि शेतकऱ्याच्या नाकासमोर धरायचा. "वरून मखमल अन् खाली वल्ला! मले शिकवतं का बे?" असा चलाख माणूस कॉम्प्युटर विकायला बसला की काय करतो, हे तुम्ही ओळखलं असेलच. मला ओळखायला वेळ लागला.

माझी धाकटी बहीण कॉम्प्युटरवर घरं काढायची. तिचं एक घर होतं, निळ्या फाटकाचं, अंगणात तुळस. ते पडद्यावर चहूबाजूंनी फिरवता यायचं. नागपूरच्या एका ऑफिसनं तिला काम दाखवायला बोलावलं. ते घर नीट फिरलं की नोकरी पक्की. जाण्याआधी तिनं मशीन तपासायला शेठकडे दिलं, आणि दुकानात पार्ट बदलतात म्हणून आतल्या ग्राफिक्स कार्डावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला.

शेठनं चोरून काही बदललं नाही. राजरोस बदललं.

"पोरी, तुह्या कार्डाचा नंबर ६६००. हे नवं, ७३००. सात मोठे का सहा? मंग काऊन इचार करून राह्यली? जुनं मले दे, वरून थोडे पैसे दे."

तिनं दिले. आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होतं, की पहिला आकडा नुसती पिढी सांगतो आणि ताकद दुसऱ्या आकड्यात असते! नव्या पिढीतला लुकडा जुन्या पिढीतल्या पहिलवानाला हरवत नाही. शेठला मात्र हे पक्कं ठाऊक होतं.

मांडीवर मशीन घेऊन ती एस.टी.नं नागपूरला गेली. तिथं घर अडखळलं, थांबलं, पुन्हा अडखळलं. साहेब म्हणाले, कळवतो. त्यांनी कळवलं नाही. तिनं घरं काढणं सोडलं आणि शिकवण्या धरल्या.

मी भांडायला गेलो, तर शेठ पान चघळत म्हणाला, "तुह्या बहिणीले चालवता येत नाई, त्याले मी काय करू? आकडा मोठा देल्ला ना तिले?"

पुन्हा मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलतो.

तो गेल्यावर त्याच्या पोरांनी दुकान मोडलं. गिऱ्हाइकांना भुलवायला शेठ ज्या मशीनवर नमुना दाखवायचा, ते गल्ल्यावरचं मशीन मी भंगारात घेतलं. घरी आणून उघडलं. आतल्या कार्डावर लाल ठिपका होता.

मशीन सुरू केलं. पडद्यावर एक घर आपोआप गरगर फिरू लागलं. निळं फाटक, अंगणात तुळस. तपासायला दिलेल्या मशीनमधून त्यानं तेही उतरवून घेतलं होतं. वर्षानुवर्षं लोकांना तो हे घर दाखवत होता आणि हातात ७३०० देत होता. बंडीच्या वरचा कापूस आमचा होता.

बहीण शिकवणी आटोपून आली आणि दारातच थबकली. मला वाटलं, आता रडेल. ती पडद्याजवळ जाऊन नुसती बघत राहिली.

"किती छान फिरून राह्यलं न, दादा," ती म्हणाली.