पाच वर्षांच्या फुल्या

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, इकडे परदेशात वेल्डर आहेत. इथलं नागरिकत्व हवं तर पाच वर्षं देशाबाहेर पाऊल टाकू नका, असं एजंटाने बजावलं, तेव्हापासून ते कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचे. चौथ्या वर्षी तिकडे गावी त्यांची आई वारली. ताई म्हणाली, "अहो, जाऊन या." ते कामावर गेले. आईला खांदा शेजाऱ्यांनी दिला.

परवा नागरिकत्वाच्या मुलाखतीला मी सोबत होतो. साहेब कागद चाळत म्हणाला, "आई वारली तरी गेला नाहीत? तेवढ्याने काही बिघडत नाही हो. विचारायचं ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावजी मात्र हसून "थँक्यू साहेब" म्हणाले. अर्जात चांगल्या वर्तणुकीचाही रकाना असतो.