निरोगी माणसं हवी होती

रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणारं नवं मशीन आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आलं, तेव्हा मी तिथे प्लेसमेंटवर, म्हणजे कोर्सचाच भाग म्हणून शिकाऊ कामावर, होते. सिडनीतल्या एका युनिव्हर्सिटीत मास्टर्स चालू होतं. मशीन पारखायचं काम आमच्या सिनियर सायंटिस्टने माझ्या गळ्यात घातलं. घातलं कसलं, मीच मागून घेतलं! हे नीट पार पाडलंस तर इथल्या नोकरीसाठी शब्द टाकेन, असं ती म्हणाली होती. मग काय, मी कंबर कसली.

दिवसभर रक्ताच्या निळ्या बुचाच्या नळ्या येतच राहायच्या. इमर्जन्सीच्या, ऑपरेशन थिएटरच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या. तोच नमुना जुन्या मशीनवर लावायचा, मग नव्यावर, आणि उत्तरं जुळतात का बघायचं. ती छान जुळली. पण निरोगी माणसाचं रक्त या नव्या मशीनवर किती सेकंदांत गोठतं, तेही आधी ठरवावं लागतं. नाहीतर आजाऱ्याचा आकडा ताडायचा कशाशी? आणि निरोगी माणसंच मिळेनात! स्टाफमध्ये कोणी ॲस्पिरिनवर, कोणी गर्भनिरोधक पिलवर, कोणी प्रेग्नंट. उरलेल्यांनी हात पुढे केले, तरी पुरेनात. तिकडे जुनं मशीन हलवायची तारीख तोंडावर आलेली.

"माझ्याकडे आहेत की," मी सिनियरला म्हटलं. "हॅरिस पार्कमधली आमची वस्ती भरलीय नुसती."

तिने चष्म्यावरून पाहिलं. "सगळे इंडियन स्टुडंट?"

माझं डोकंच फिरलं. त्या दिवसांत पेपर उघडला की आमच्याबद्दल काहीतरी असायचंच. एका फ्लॅटमध्ये किती जण कोंबून राहतात, कोर्सच्या नावाखाली पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, कसे येतात. मी ताडकन म्हटलं, "पेशंट म्हणून आम्ही चालतो ना? खाली वेटिंग रूममध्ये जाऊन बघ."

"अगं, म्हणूनच हवेत ते," ती शांतपणे म्हणाली. "पण शिफ्ट संपवून धावत येतील, त्याची मला काळजी आहे. दमलेल्या, घाबरलेल्या माणसाचं रक्त लवकर गोठतं. झोपून, खाऊन येऊ देत."

झालं, माझा पारा जागच्या जागी उतरला.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक नागपूरचा मुलगा राहायचा. अकाउंटिंग शिकायचा आणि टॅक्सी चालवायचा. पॅरामॅटाच्या रस्त्यांवर दारुड्यांशी हुज्जत घालणारा हा वाघ, सुईचं नाव काढताच पांढराफटक पडला.

"दुसऱ्या कोणाचं घे ना!"

"अरे घोड्या, मुंगी चावल्यासारखं होतं."

"मग मुंगीच आण."

पण शनिवारी दुपारी तोच सगळी पलटण घेऊन हजर. आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून, जणू मुलगी बघायला निघालेत! रक्त घेणारीला तो "नो वरीज, मेट" म्हणाला आणि डोळे गच्च मिटून बसला. मागून त्याचा एक पंजाबी मित्र ओरडला, "अबे, साँस तो ले!" सगळे हसले, तोही हसला, आणि तेवढ्यात नळी रेघेपर्यंत भरली.

मशीन वेळेत सुरू झालं. पहिला रिपोर्ट होता एका गोऱ्या आजोबांचा. खुब्याचं हाड मोडलेलं, थिएटर खोळंबलेलं. त्यांच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत निरोगी माणसांची मर्यादा छापून आली. आजोबा तिच्यात अगदी मधोमध बसत होते. सर्जनला तसं कळवलं आणि फोन ठेवल्यावर मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू, कोणाला तरी मिठीच मारावीशी वाटली. नोकरी नंतर लागली. पण नेमणुकीच्या पत्रानेही मला इतका आनंद झाला नाही.

संध्याकाळी मिठाईच्या दुकानात मी नागपूरकराला हे सगळं सांगितलं. त्याचा समोसा हातातच राहिला.

"म्हणजे त्या आजोबांचं रक्त ठीक आहे की नाही, ते माझ्याशी ताडून ठरवलं?"

"तुझ्याशी, आपल्या सगळ्यांशी, स्टाफशी."

त्याने समोसा खाली ठेवला. टॅक्सी चालवतो हे त्याने घरी कधीच सांगितलं नव्हतं. आईने इथलं काही विचारलं, की विषय बदलायचा.

"हे सांगतो," तो म्हणाला, आणि हात पुसून तिथेच आईला फोन लावला.