चौथ्या शीलाचा खोकला

चकलांब्यात बन्सी गवंड्याला दोन गोष्टींवरून ओळखतात. त्यानं उभारलेली भिंत ओळंब्याला केसभरही हलत नाही, ही एक. दुसरी म्हणजे, दिवाळी सरली की हा बाबा पिशवी उचलतो आणि आठ दिवस शहरं हिंडून, खाऊनपिऊन परत येतो. लोक लग्नाला जातात, दवाखान्याला जातात, कोर्टाच्या तारखेला जातात. बन्सी खायला आणि जुने दगड बघायला जातो. पारावरची मंडळी विचारायचीच, "काय बन्सी, औंदा कुठली कमान चाखून आलास बे?" बन्सी हसून विडी काढायचा. साठी उलटली तरी त्याचं हे खूळ सुटलं नाही.

त्याची बायको मालनबाई मात्र या गोष्टीला कधी हसली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा एक घास कमी झाला तरी तिला कळायचं. आता बघा, रविवारी विहारात वंदना होते, सगळे पंचशील म्हणतात. पहिली तीन शीलं बन्सी खणखणीत म्हणतो. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, की त्याला खोकला येतो. पाचवं दारूचं. दारूला तो शिवत नाही, म्हणून तिथं त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. एखाद्या रविवारी खोकला येतो माणसाला. पण एकोणीस वर्षं एकाच जागी येणारा खोकला छातीतला नसतो, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

शिवाय आठ दिवस चांगलंचुंगलं खाऊन आलेला हा माणूस घरी आला की तीन दिवस भाकरीला हात लावत नसे. मालनबाईनं वाट पाहिली, पाहिली, आणि यंदा पिशवीत स्वतःचं लुगडं घालून तीही दारात उभी राहिली.

"तू कशाला? उगं पायाला तरास."

"कावून? बायांना एसटीत अर्धं तिकीट हाय. इतकी वर्षं नुसती वर्णनं ऐकली. मला बी बघू द्या, काय एवढं खाता ते."

बन्सीनं पिशवी उचलली.

पहिला मुक्काम औरंगाबाद. पाट्यांवर आता संभाजीनगर लिहिलंय, पण बन्सीच्या तोंडाला वळण जुनंच. सकाळी सकाळी त्यानं तिला शहागंजच्या बाजूला नेऊन नान खलिया खाऊ घातला. पिवळीजर्द नान, मटणाच्या रश्शावर बोटभर तवंग. मालनबाईनं आधी नाक मुरडलं आणि मग दुसरी नान मागवली. शहराच्या जुन्या दरवाज्यांखालून जाताना बन्सीची जीभ सैल सुटली. हा दगड त्याला कसा रेटतो, तो याला कसा धरून ठेवतो, कमानीतला मधला दगड बसेपर्यंत खालचा लाकडी साचा का काढायचा नाही, असं सगळं तो हातवारे करून सांगत होता. घरात दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. मालनबाईला वाटलं, हा असा बोलतो हे आपल्याला आधी का नाही कळलं. तिला जरा रागच आला.

मग तो तिला एका जुन्या सराईच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेला. दोन दगडांच्या मधल्या सांध्यात त्यानं अंगठ्याचं नख रोवून बघितलं. नख आत गेलं नाही.

"हे मी भरलंय. निव्वळ चुन्यात. सतरा वर्षं झाली."

"चांगलं हाय की मग."

"चांगलंच हाय," बन्सी म्हणाला, आणि असा म्हणाला की मालनबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईची गाडी धरली. मधे बीड लागलं. गाडी स्टँडात दहा मिनिटं उभी होती.

"इथं उतरायचं न्हाई? तुमचे उस्ताद चाँदभाई इथंच राहतेत ना?"

"परतीला," बन्सी म्हणाला, आणि गाडी हलेस्तोवर खिडकीकडं पाठ करून बसला.

अंबाजोगाईत चुरमुऱ्यांचा गरम सुशीला आणि मिरचीची भजी खाल्ली. तिथं एका बारवेच्या पायऱ्यांशी पुन्हा तेच, सांधा, नख, "हे बी माझंच." तिसऱ्या दिवशी धारूर. किल्ल्याच्या वाटेवर बाया पाट्यांतून सीताफळं विकायला बसल्या होत्या. दोघं एका सपाट दगडावर टेकली आणि खाऊ लागली. मालनबाई काही दगडातली तज्ज्ञ नाही, पण सरळ बाई आहे. तिनं सरळच विचारलं.

"एवढी मोठमोठी कामं तुमाला कशी मिळाली वो? चुन्याच्या कामात उस्ताद तर चाँदभाई. त्यांना सोडून तुमाला कसं बोलावलं?"

बन्सीच्या तोंडात सीताफळाची बी होती. ती त्यानं थुंकली नाही, गिळलीही नाही. ती गालात धरूनच तो बोलायला लागला.

गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. बीडच्या जुन्या वस्तीत एक लहानशी वेस होती, तिचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या डागडुजीचं काम आप्पाराव नावाच्या ठेकेदारानं घेतलेलं. कारागीर चाँदभाई, आणि बन्सी त्यांचा उजवा हात. चाँदभाई चुना आठ आठ दिवस भिजवायचे, बैलाच्या दगडी घाण्यात दळायचे, त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, विटांची भुकटी घालायचे. सांधा दिवसाला दोन बोटंच भरायचा, वाळू द्यायचा, मग पुढं जायचं. डावी बाजू त्यांनी अशी भरली आणि त्यांना कावीळ झाली. अंथरुणावरून त्यांनी बन्सीला सांगितलं, "घाई करू नको. चुना त्याच्या वेळेनं धरतो, आपल्या नाही."

इकडं आप्पारावानं उद्घाटनाची तारीख देऊन टाकलेली. तो रोज येऊन डोकं खायचा. शेवटी म्हणाला, "शिमिट भर की आतून. वरून चुन्याचा हात मार. कोण नख घालून बघतंय?" बन्सीनं ऐकलं. उजव्या बाजूचे सांधे त्यानं आतून सिमेंटनं भरले आणि वरून उस्तादांचाच चुना लावला. तीन दिवसांत काम उरकलं. चाँदभाई उठून, काठी टेकत बघायला आले, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "शाब्बास."

त्यांच्या घरी एक रीत होती. काम संपलं की खलिया शिजायचा, आणि त्यातली मगजाची मोठी नळी, ज्याच्या हातानं काम पुरं झालं त्याच्या ताटात. "नळी कारागिराची," असं म्हणून चाँदभाई ती स्वतः वाढायचे. त्या दिवशी त्यांनी ती बन्सीला वाढली. बन्सीनं ती खाल्ली.

जुन्या दगडाला सिमेंट सोसत नाही. पाणी आत शिरतं आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. तीन पावसाळे गेले, उजव्या बाजूचा चुना पापुद्र्यांनी सुटला, आणि एका सकाळी कमानीचा दगड खाली आला. कुणाला लागलं नाही, एक हातगाडी मोडली. गर्दी जमली. आप्पाराव भर रस्त्यात म्हणाला, "चाँदभाईचा चुना कच्चा निघाला. कावीळ झाल्यापासनं म्हाताऱ्याचा हात गेला." चाँदभाई तिथंच उभे होते. त्यांनी बन्सीकडं पाहिलं. बन्सी हातातला ओळंबा गुंडाळत राहिला.

"मग?" मालनबाई म्हणाली.

"मग काय. त्यांना कामावर कुणी बोलावीना. बोलावलं असतं तरी ते गेले नसते. घाण्याचा दगड विकला, पानाची टपरी टाकली. त्यांची कामं माझ्याकडं आली. औरंगाबाद, अंबाजोगाई, हे इथलं. सगळी त्यांची व्हती, मालन. मी ती सगळी चोख केली, निव्वळ चुन्यात, त्यांनी शिकवल्यावाणी. तरी जीवाला चैन न्हाई. म्हणून दरसाल बघत हिंडतो, कुठं सांधा सुटला का."

"आन् बीडात?"

"बीडात त्यांच्या घरी जेवतो. दरसाल खलिया करत्यात माझ्यासाठी. नळी मलाच वाढत्यात. म्हणत्यात, माझ्या हाताखालचा एक तरी कारागीर टिकला."

मालनबाईनं उरलेलं सीताफळ दगडावर ठेवलं. "मला वाटत व्हतं, बीडात एखादी बाई ठेवलीय तुमी," ती म्हणाली. "ते बरं व्हतं म्हणायची पाळी आणली." मग पुन्हा म्हणाली, "एकोणीस वर्षं त्या माणसाच्या घरची नळी खाल्ली. तुमाला गिळली तरी कशी?"

बन्सीला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. एकट्यानं ओझं वाहताना माणसाला निदान वाटतं तरी की आपण काही सोसतोय. बायकोच्या डोळ्यांसमोर ठेवल्यावर ते नुसतं चोरीसारखं दिसायला लागलं.

"उद्या सांगा त्यांना," मालनबाई म्हणाली. "तुमी सांगेस्तोवर मी त्यांच्या घरी घास उचलणार न्हाई. न्हाई सांगितलं तर मी सांगीन."

चाँदभाई आता ऐंशीच्या घरात. मोतीबिंदूनं डोळे धुरकटलेले, पण टपरीवर बसून अंदाजानं पानाला चुना लावतात आणि तो कधी जास्त होत नाही. बन्सीचा आवाज ऐकताच उठले. "आला काय रे? अन् ही कोण, सूनबाई? ये बेटी. घरी सकाळपासून शिजतंय."

घर टपरीच्या मागंच. सतरंजी अंथरलेली, भट्टीवरून आणलेल्या नान फडक्यात गुंडाळलेल्या. चाँदभाईंच्या सुनेनं खलियाचं पातेलं आणून मधे ठेवलं. मालनबाई ताटापुढं बसली आणि तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"घे की बेटी."

"ह्यांना काय तरी सांगायचं हाय, चाचा. त्याच्या मागून जेवते."

बन्सीनं सांगितलं. मान खाली घालून, ताटाकडं बघत, सगळं. आप्पारावाचा वाटा त्यानं मोठा करून सांगितला नाही, ही एकच गोष्ट त्या दिवशी त्याच्या बाजूनं सांगता येईल.

चाँदभाई आवाजाच्या रोखानं पुढं सरकले. मग म्हणाले, "पुन्हा सांग. शिमिट किती आत?"

"चार बोटं."

"वरचा चुना माझा?"

"तुमचाच. तुमी दळून ठेवलेला."

"तो मग कच्चा नव्हता?"

"न्हाई उस्ताद. आतल्या शिमिटानं ढकलला त्याला. डावी बाजू तुमी भरली व्हती ना, ती अजून उभी हाय. मी दरसाल नख लावून बघतो. माझं नख मोडतं."

म्हाताऱ्याचे हात सतरंजीवर काहीतरी चाचपत होते. "मला वाटलं, गुळाचं पाणी कमी पडलं," ते म्हणाले. "मग वाटलं, हिरडा जुना होता. मग म्हटलं, नाही, हातच गेला. एकोणीस वर्षं हेच मोजत बसलो बन्सी. माझा पोरगा मागं लागला होता, अब्बा मला शिकवा. मी घाण्याचा दगड विकला तो त्यानं मागू नये म्हणून. बिघडलेला हात पोराला कशाला द्यायचा? तो रिक्षा चालवतो आता."

बन्सीला हे माहीत नव्हतं. उस्तादांचं नाव गेलं, कामं गेली, एवढाच हिशेब त्यानं आजवर मनात धरला होता. विद्याच गेली होती, घरातल्या घरात, आणि ती आता कुठून आणून द्यायची? आज मात्र खोकला आला नाही.

तोवर चाँदभाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते स्वयंपाकघराकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "बहू, ऐकलं का? माझा चुना पक्का होता." आणि हसले. दात नसलेलं, लहान पोरासारखं हसू. त्यांनी शिव्या घातल्या असत्या, घरातून काढलं असतं, तर बन्सीला ते सोपं गेलं असतं. ते हसू त्याला बघवेना.

"चला, जेवा," चाँदभाई म्हणाले. पळी त्यांनी स्वतः घेतली, दरवर्षीसारखी. पातेल्याच्या तळाशी चाचपून मोठी नळी शोधली, वर उचलली, आणि हात सवयीनं बन्सीच्या ताटाकडं निघाला. अर्ध्या वाटेत तो थांबला. मग मागं वळला आणि नळी त्यांच्या स्वतःच्या ताटात पडली.

"नळी कारागिराची," ते म्हणाले.

बन्सीच्या ताटात त्यांनी रस्सा वाढला, भरपूर, एक नान त्याच्या हातात दिली. मालनबाईनं पहिला घास मोडला. चाँदभाई नळी ताटावर ठोकून आतला मगज काढू लागले, सावकाश, काहीही वाया जाऊ न देता.

"जेव," ते बन्सीला म्हणाले. "आणि जेवल्यावर लगेच जाऊ नको. पोरगा चार वाजता रिक्षा लावून येतो. त्याला पण तूच सांग."